पऱ्हाटीचं नाताळझाड, आगगाडीची गोष्ट आणि हातानं लिहिलेली बातमी

मुलांसाठी नुकतंच लिहायला लागलेले, एखादं पुस्तक आलेलं किंवा मासिकात दोन-चार गोष्टी छापून आलेले आपल्या भागातले लेखक डिसेंबर उजाडला की विचारतात, "नाताळात मुलांसाठी काहीतरी करायचंय, नवीन पुस्तकाचंही सांगायचंय. सुरुवात कुठून करू?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. जळगाव, धरणगाव, अमळनेर या पट्ट्यात मी काही वर्षं नाताळात मुलांसाठी गोष्टींच्या बैठका घेते आहे. त्यातून जे हाताला लागलं ते सांगते.

पहिल्या वर्षी एका शाळेत मी माझ्या पुस्तकाबद्दल वीस मिनिटं बोलले. मुखपृष्ठ दाखवलं, पुस्तक कसं निघालं ती हकीकत सांगितली. पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहून म्हणाली, "ताई, गोट कव्हय सांगशात?" म्हणजे गोष्ट कधी सांगणार? तिचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी क्रम बदलला. आधी मुलांच्या हाताला काम, मग गोष्ट, आणि आपल्या लेखनाची बातमी शेवटी. तीही नुसती ऐकवायची नाही, तिच्यातून मुलांना काहीतरी विचारायचं. मुलं आपल्या पुस्तकाची गिऱ्हाईकं नसतात, त्यांना त्या कामात बसायला जागा हवी असते.

दिवस आणि जागा

दिवस २४ डिसेंबरचा धरा. २५ तारखेला ख्रिस्ती घरांतली मुलं चर्चला आणि नातेवाइकांकडे जातात, म्हणजे ज्यांचा सण त्यांनाच आपण वगळून बसतो. शिवाय २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस, साल १८९९. गुरुजी जन्मले कोकणात, पालगडला, पण मुलांचे गुरुजी झाले ते आपल्या अमळनेरात. १९२४ ते १९३० या काळात ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि छात्रालयातल्या मुलांसोबत राहत होते. मुलांसाठी ते हातानं लिहिलेलं दैनिक काढत. ते लक्षात ठेवा, पुढे बातमीपत्राकडे आलो की त्याचा उपयोग आहे.

वेळ दुपारी साडेतीन ते साडेपाच. या दिवसांत सहाच्या आत सूर्य मावळतो, गारठा अंगावर येतो आणि लांबून आलेल्या मुलांना घरी जायचं असतं. संध्याकाळी चर्चमध्ये गाण्यांची तयारी असते, तिथल्या मुलांनाही मोकळं करायला हवं.

जागा जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, गावचं वाचनालय किंवा कुणाचा मळा, कुठलीही चालते. शाळेत घ्यायची असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांना अर्ज देऊन या. महिनाअखेरीस स्नेहसंमेलनं असतात, २६ तारखेला वीर बाल दिवस असतो. उशिरा गेलात तर त्यांची इच्छा असूनही वेळ मिळत नाही. तीस मुलांपर्यंत माइक लागत नाही. त्याहून जास्त येणार असतील तर दोन बैठका करा, पण भोंगा लावून गोष्ट सांगू नका. गोष्टीतला हळू आवाज भोंग्यात मरतो.

सण कुणाचा, हे आधी समजून घ्या

खान्देशात नाताळ म्हणजे फक्त दुकानातली लाल टोपी नव्हे. नवापूर-चिंचपाड्याकडे आदिवासी ख्रिस्ती कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, तिथे हा घराघरातला सण आहे. भुसावळला रेल्वेमुळे ठिकठिकाणची माणसं येऊन राहिली, त्यांच्यासोबत त्यांची चर्चंही आली. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या, शंकरपाळे, चकल्या होतात, दारावर चांदणी लागते, आणि चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी भजनं म्हटली जातात.

म्हणून गावात चर्च असेल तर आठवडाभर आधी पाळकसाहेबांना भेटा. आपण काय करणार आहोत ते सांगा आणि दोन-तीन मुलं त्यांच्या घरच्या नाताळाबद्दल बोलतील का, ते विचारा. बैठकीत त्या मुलांना पहिली पाच मिनिटं द्या. "आमच्याकडे चांदणी बाबा बनवतात, बांबूच्या कामट्या लागतात" एवढं एखादं पोर बोललं की बाकीची मुलं वळून त्याच्याकडे बघतात. सण त्याचा, तर सांगायचा मान त्याचा. आपण मध्ये धर्मावर भाषण करू नये आणि कुणाची टिंगल होऊ देऊ नये.

आपल्या मातीतला आणखी एक धागा मुलांना जरूर सांगा. बालकवी ठोंबरे धरणगावचे, जन्म १८९०. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे या कोवळ्या मुलानं कविता म्हटली आणि 'बालकवी' हे नाव त्याला मिळालं. पुढे तो अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिला, आणि लक्ष्मीबाई टिळकांनी त्याच्याबद्दल आईच्या मायेनं लिहून ठेवलं. खान्देशातला पोरगा आणि नाताळ साजरा करणारं घर यांचं असं नातं शंभर वर्षांपूर्वीच जुळलेलं आहे. हे सांगितलं की आपण नाताळात गोष्टी का सांगतोय, असं कुणी विचारत नाही.

झाड पऱ्हाटीचं

बाजारातलं हिरवं प्लास्टिकचं झाड आणू नका. आपल्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, आहे. डिसेंबर सरत आला की बऱ्याच शेतांत कापसाची शेवटची वेचणी उरकत येते आणि फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचं पुढचं पीक, न घेता पऱ्हाट्या काढून टाका, असं कृषी खातंही सांगत असतं. खांद्याएवढी उंच, चहूबाजूंनी फांद्या फुटलेली एक पऱ्हाटी निवडा. बोंडांची वाळलेली टरफलं तिच्यावर तशीच राहू द्या. उघडलेलं टरफल चार-पाच पाकळ्यांचं असतं, ते मुळातच चांदणीसारखं दिसतं. अशा पऱ्हाटीला वेगळ्या चांदण्या लावायची गरज पडत नाही.

दोन गोष्टींना मात्र फाटा देऊ नका. शेतमालकाला विचारल्याशिवाय काही उपटू नका, आणि शेवटची फवारणी कधी झाली ते त्यांनाच विचारा. फवारणी अलीकडची असेल तर दुसरं शेत बघा. झाड आणल्यावर अंगणात आपटून झटका, दोन-तीन दिवस उन्हात ठेवा आणि अणकुचीदार टोकं कापून घ्या. मग तेलाच्या रिकाम्या डब्यात मधोमध उभं करून दगड-माती दाबून भरा, डब्याला जुनी साडी गुंडाळा.

बैठक सुरू झाली की मुलांच्या गटांना काम वाटून द्या. एक गट टरफलांना पांढरा-पिवळा पोस्टर रंग देईल. एक गट जुन्या कॅलेंडरच्या कागदाची साखळी करेल. सगळ्यात छान काम कापसाचं: मूठ-मूठ कापूस द्या, मुलं बोटांनी सरकी काढतील आणि पिंजलेला कापूस फांद्यांवर बर्फासारखा पसरतील. "एका बोंडात सरक्या किती?" असं विचारा आणि मोजायला लावा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो आणि त्यावरून तावातावानं बोलणं सुरू होतं. एकदा एक मुलगा मला म्हणाला, "मन्ही माय दिवसभर हाईच करस." त्याची आई वेचणीला जायची. त्या दिवशी झाडावरचा कापूस नुसता सजावटीचा राहिला नाही. अशी वाक्यं ऐकायला कान उघडे ठेवा, आणि घरी गेल्यावर वहीत लिहून ठेवा.

झाडापाशी मेणबत्ती किंवा पणती अजिबात नको. कापूस आणि वाळलेली काडी क्षणात पेट घेते. बारीक दिव्यांची विजेची माळ पुरते. काम संपलं की सगळ्यांना साबणानं हात धुवायला पाठवा, मगच खाऊ.

सांताच्या पोशाखाबद्दल थोडक्यात: मुखवटा नको, लहान मुलं त्याला भितात. लेखकानं स्वतः सांता होऊ नये. लाल ओढणी खांद्यावर टाकून मोठ्या वर्गातली एखादी मुलगी झाली की पुरे. भेट सगळ्यांना सारखीच द्यावी, एक कोरी वही आणि एक पेन्सिल.

गोष्ट: गाडी नवापूरहून निघाली

पहिल्या बैठकीला नव्या लेखकानं छापील पुस्तक उघडून वाचायला बसू नये, हे माझं मत आहे. पुस्तकात डोळे गेले की मुलांचे डोळे सुटतात. गोष्ट तोंडपाठ नको, पण मनात चालती हवी. लिहिलेली गोष्ट सांगायचीच असेल तर आठ-नऊशे शब्दांच्या पुढे जाऊ नका. सावकाश सांगितली तर एवढ्याला आठ-दहा मिनिटं लागतात, आणि पहिली-दुसरीतली मुलं तेवढीच स्थिर बसतात.

मी सांगते ती आगगाडीची गोष्ट तुम्हीही वापरा, हवी तशी बदला. सुरतेकडून तापीच्या काठाकाठानं येणारी रेल्वेची वाट आपल्या मुलांना माहीत असते. नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, पाळधी, जळगाव आणि भुसावळ. अकरा स्टेशनं, अकरा मुलं. त्यांना एका रांगेत, पण थोडं अंतर ठेवून उभं करा, गळ्यात पुठ्ठ्यावर लिहिलेलं स्टेशनचं नाव अडकवा. बाकीची मुलं गाडीचे डबे.

सुरुवात आपण करायची: "आयका, तुमले एक गोट सांगस. नाताळच्या आदल्या रात्री नवापूरच्या फलाटावर एक पोतडी विसरून राहिली. तिच्यावर चिठ्ठी होती, भुसावळच्या एका मुलीसाठी. सकाळच्या आत पोचायला हवी." मग गाडी निघते, डबे झुकझुक करत पुढे सरकतात, आणि प्रत्येक स्टेशनचं मूल पोतडीत आपल्या गावची एक वस्तू टाकतं किंवा एक अडचण उभी करतं. नंदुरबारला पोतडीत मिरची पडते आणि सगळा डबा शिंकायला लागतो. अमळनेरला गुरुजींच्या छात्रालयातला एक मुलगा चढतो आणि पत्ता नीट वाचून देतो. धरणगावला कुणीतरी कविता टाकतं. जळगावला केळीचा घड आणि भरिताची वांगी. पाळधीला काय टाकायचं, हे मी कधीच आधी ठरवत नाही, तिथल्या मुलाला विचारते.

भुसावळला खरी गंमत आहे. तिथून एक वाट नागपूरकडे जाते, एक खांडव्याकडे, एक मुंबईकडे. पोतडी कोणत्या गाडीत चढली? इथे मी थांबते. शेवट सांगत नाही. तो मुलांनी लिहायचा असतो, आणि तिथूनच पुढच्या कामाला तोंड फुटतं.

मुलं मध्येच अहिराणीत, लेवा बोलीत, मावचीत बोलली तर त्यांना प्रमाण मराठीत ओढून आणू नका. घरच्या बोलीत मूल गोष्ट लांबवतं, शाळेच्या भाषेत ते आखडतं. एखादा शब्द कळला नाही तर त्यालाच विचारा. आपल्याला कळत नाही आणि त्याला कळतं, याचा त्याला केवढा आनंद होतो.

दुसऱ्या कुणाची गोष्ट किंवा कविता म्हणणार असाल तर हक्काचं बघा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साधारण ६० वर्षं हक्क राहतात. बालकवी १९१८ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. त्यांचं लेखन मोकळं आहे. हयात लेखकांना मात्र एक फोन करून विचारा. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात. बैठकीआधी वाचायला बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बघा. १९७१पासूनचे हे अंक बालभारतीनं मोफत वाचायला खुले केले आहेत. कोणत्या वयाला कोणती गोष्ट पेलते, हे त्यातून आपोआप उमगत जातं.

एका कागदाचं आठ पानी पुस्तक

गोष्ट थांबली की लगेच कागद वाटा. ए-फोर आकाराचा एक कागद लांबीत मधोमध दुमडा, उघडा. मग रुंदीच्या बाजूनं दोनदा दुमडून उघडा, म्हणजे आठ सारखे चौकोन पडतात. आता कागद रुंदीत एकदाच अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या रेषेवर एका चौकोनाएवढाच काप द्या. पूर्ण उघडलात की कागदाच्या मध्यभागी एक फट दिसेल, कडेपर्यंत न गेलेली. पुन्हा लांबीत दुमडा, दोन्ही टोकं हातात धरून एकमेकांकडे ढकला. फट उघडून अधिक चिन्हासारखा आकार होतो. तो एका बाजूला मिटला की पुस्तक तयार: पुढचं मुखपृष्ठ, आतली सहा पानं, मागचं मुखपृष्ठ. शिलाई नाही, डिंक नाही. घरी दहा वेळा करून बघा, म्हणजे तीस मुलांसमोर हात अडखळणार नाही. काप देण्यासाठी मोठ्या माणसाजवळ एकच कात्री ठेवा.

या पुस्तकात मुलांनी पोतडीच्या गोष्टीचा शेवट लिहायचा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्रं काढायची, आणि त्यांनी सांगितलेलं वाक्य आपण खाली लिहून द्यायचं, त्यांच्याच शब्दांत. मागच्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव, गाव, तारीख. मूल स्वतःच्या नावाखाली 'लेखक' हा शब्द लिहितं तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्यासाठी सगळी खटपट करण्यासारखी आहे.

आता तुमची बातमी

मुलांच्या हातात त्यांचं पुस्तक आलं, म्हणजे आता तुमच्या पुस्तकाबद्दल बोलायला हरकत नाही. तुम्ही दोघंही लेखक झालात. बोलायला दहा मिनिटं पुरतात, आणि बातम्या तीनच द्या: काय छापून आलं, काय चालू आहे, आणि काय अडलंय. तिसरी सगळ्यात मोलाची. काटाकाट केलेलं खरं हस्तलिखित घेऊन जा. "या पानावर मी अडकलेय, ही म्हैस नदी ओलांडेल का?" असं विचारलं की मुलं खरंच विचार करून उत्तरं देतात. छापून आलेल्या चकचकीत पुस्तकापेक्षा खोडाखोड केलेला कागद त्यांना जास्त आवडतो, कारण त्यांच्या वहीतही तशीच खोडाखोड असते.

छपाईतलं थोडं सांगायलाही हरकत नाही. पुस्तक फर्म्यात छापतात, एक फर्मा बहुधा सोळा पानांचा, म्हणून पानं आठ-सोळाच्या हिशेबात बसवावी लागतात. त्यांनी आत्ताच आठ पानांची घडी घातली आहे, त्यामुळे हे पटकन समजतं. मागे छापलेला तेरा आकडी आयएसबीएन दाखवा. आपल्या देशात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. नव्या लेखकांनीही हे लक्षात ठेवावं, कारण त्यासाठी पैसे मागणारे भेटतात.

घरी न्यायला हातानं लिहिलेलं एक पानी बातमीपत्र द्या. गुरुजींच्या दैनिकाची आठवण इथे ठेवायची. संगणकावर टाइप करू नका. स्वतःच्या अक्षरात लिहा आणि झेरॉक्स काढा. वर तारीख आणि गाव, खाली तीन बातम्या, एक छोटं कोडं, आणि अडलेल्या गोष्टीतला एक प्रश्न. शेवटी तुमचा टपालाचा पत्ता. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर शाळेचा किंवा वाचनालयाचा द्या, तिथल्या लोकांना आधी विचारून. सोबत एक कोरं पोस्टकार्ड. मुलानं उत्तर लिहायचं आणि पेटीत टाकायचं, एवढंच.

पुस्तकं विकायची असतील तर कार्यक्रम संपल्यावर, दाराजवळच्या टेबलावर, पालकांसाठी ठेवा. मुलांसमोर किंमत उच्चारू नका. ज्याला घेता येणार नाही त्याची मान खाली जाते. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयाला आधीच द्या, म्हणजे प्रत्येकाला वाचायला मिळेल. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय काढू नका, आणि काढलेच तर नावासकट कुठे टाकू नका.

खाऊ साधाच: केळी, गूळ-शेंगदाणे, बोरं. शेंगदाणा कुणाला चालत नाही का, ते शिक्षकांना आधी विचारून घ्या. ख्रिस्ती घरांतून करंज्या आल्या तर त्या मधोमध ठेवा.

नंतरचं काम

पोस्टकार्डं यायला लागतात ती डिसेंबरच्या अखेरीपासून. प्रत्येकाला उत्तर संक्रांतीच्या आत गेलं पाहिजे, हा माझा नियम आहे आणि तो मी मोडत नाही. उत्तर दोन ओळींचं चालतं, पण त्यात त्या मुलानं लिहिलेल्या एका गोष्टीचा उल्लेख हवा. "तुझी म्हैस पोहत गेली, मलाही तसंच वाटत होतं," एवढं पुरे. तीसांपैकी आठ-दहाच पत्रं येतील. ती आठ-दहा मुलं पुढच्या वर्षी दारातच उभी असतात.

आणि झाड. पऱ्हाटी कोपऱ्यात टाकून ठेवू नका, वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात जाते. कागदाच्या साखळ्या, दिव्यांची माळ आणि रंगवलेली टरफलं काढून घ्या, कापूस पिशवीत भरून ठेवा. मग रविवारी मळ्यात पालकांसह जमा. पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची हिरवी-पांढरी वांगी भाजतात ती आपली रीत आहेच. त्यात ही एक पऱ्हाटी घाला. वांगी बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचताना मुलांना आळीपाळीनं हात लावू द्या, त्यांच्या वाट्याच्या भरितात मिरची कमी घाला, आणि जेवण होईपर्यंत ज्यांनी पोतडीचा शेवट लिहिलाय त्यांना एकेक करून वाचायला सांगा.